अलंकार उतरवून बघ

चि. सई हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईने तुझ्या इंग्रजीच्या वहीचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'बघ रे, बोर्डाला एवढं पुरेल का?' अक्षर देखणं आहे. लाल पेनाने अलंकाराचं नाव, निळ्याने व्याख्या, हिरव्याने उदाहरण. सिमिलीपासून सिनेक्डकीपर्यंत सगळी मंडळी पंगतीला बसल्यासारखी ओळीने बसली आहेत. पुढच्या पानावर पटवून देण्याच्या युक्त्यांची यादी, त्याच्यापुढे ए पासून झेडपर्यंत शब्द आणि अर्थ. मेहनत दिसते. पण सबंध वहीत एकही प्रश्न नाही. कवीने हे असंच का केलं, दुसरं काही का नाही केलं, असं कुठेच विचारलेलं नाही. आणि रसग्रहणाचे चार गुण नेमके त्याच्यावर अवलंबून असतात.

फोनवर सांगायला गेलं की तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि मागे टीव्ही चालू असतो. म्हणून पत्र. मी जाहिराती लिहून पोट भरतो हे तुला माहीत आहे. समोरच्याचा हात खिशाकडे जावा म्हणून कुठला शब्द कुठे ठेवायचा, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे मी सांगेन ते तुमच्या मॅडमसारखं नीटनेटकं नसेल.

आधी धीराची गोष्ट. नावं बहुतेक ग्रीक आहेत, माल घरचाच आहे. आजी 'घरात खाणारी सात तोंडं' म्हणायची, ती सिनेक्डकी. बातम्यांत 'मंत्रालयाने नकार दिला' असं येतं, ती मेटॉनिमी. इमारत कशी नकार देईल? 'काय दिवे लावलेस!' ही आयरनी. 'सतरा वेळा सांगितलं' ही हायपर्बली, कारण ते सतरा कुणीही मोजलेले नसतात. 'पिवळा पीतांबर' ही टॉटॉलॉजी. 'तुझ्या बापाची पेंड आहे का?' हे इंटरॉगेशन, म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न. लहानपणी मी एकदा उत्तर देऊन बघितलं होतं, पुढचं विचारू नकोस. आणि युफेमिझममध्ये तर मराठी माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवतात. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, दिवा शांत करतात. निघताना 'जातो' म्हटलं की आजी दारातून ओरडायची, 'येतो म्हण!' ट्रान्स्फर्ड एपिथेटला तू दोन चांदण्या काढून ठेवल्या आहेत, अवघड म्हणून. विशेषण एकाचं, चिकटवलं दुसऱ्याला, एवढंच. 'उपाशी रात्र' म्हणतो तेव्हा उपाशी रात्र नसते, माणूस असतो. तेव्हा हिरव्या पेनाने गाईडमधलं उदाहरण लिहिलं आहेस त्याच्या शेजारी घरातलं एकेक लिही. ओळखण्याचं काम एका संध्याकाळी संपेल.

खरं काम त्याच्यापुढे सुरू होतं. दहावीला तू उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म घोकला होतास. इंग्रजीचा पेपर आला की ही हत्यारं दाराबाहेर चपलांबरोबर का काढून ठेवतेस? 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली, असं तू लिहिलं आहेस. बरोबर आहे, पण तो नुसता साधर्म्यवाचक शब्द झाला, चारातला सर्वांत बिनमहत्त्वाचा. मजा साधारण धर्मात असते, आणि चांगला कवी बहुतेक वेळा तोच सांगत नाही.

तुझ्या पुस्तकातली दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' घे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारा, तुकोबांना इंग्रजीत नेणारा हा कवी. कविता मुंबईची, पावसाळ्यातली, लोकलमधली. पिवळ्या उजेडात मुक्या प्रवाशांत उभे असलेले वडील, भिजलेले कपडे, चिखल लागलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली पिशवी. स्टेशनवर ते उतरतात, तेव्हा कवी म्हणतो की ते एका लांब वाक्यातून गळून पडलेल्या शब्दासारखे उतरले. तुझ्या वहीत याच्यापुढे लिहिलं आहे, 'वडिलांची तुलना शब्दाशी केली आहे, म्हणून सिमिली.' दोन गुणांच्या प्रश्नाला हे चालून जाईल.

आता तो अलंकार उतरवून ठेव आणि दुसरा घालून बघ. 'पिकलं पान गळावं तसे वडील उतरले.' कसं वाटतं? ऐकायला गोड, पण कवितेचा जीव गेला. पान ऋतू आला की गळतं, त्यात अन्याय काही नाही. 'खिशातून नाणं पडावं तसे'? नाणं पडलं की माणूस वाकून शोधतो. वाक्यातून शब्द गळला तर वाकायला कुणी थांबत नाही. वाचणाऱ्याला बहुधा कळतही नाही, वाक्य पुढे धावत राहतं. गाडीही धावत राहते. मी रोज डोंबिवलीला उतरतो, माझी उभं राहण्याची जागा माझा पाय फलाटाला लागायच्या आत भरलेली असते. आणि गळलेल्या शब्दाचं काय? वाक्यात होता तोवर त्याला निदान अर्थ तरी होता.

इथेच थांबू नकोस. उपमान भाषेतलंच का निवडलं असेल? कवितेत पुढे बघ. घरी पातळ चहा आणि शिळी पोळी. मुलं घुम्यासारखी, आपले विनोद आणि गुपितं बापाला सांगत नाहीत. रात्री रेडिओ लावला तर त्यातूनही खरखरच येते. गाडीत मुके प्रवासी, घरात मुकी मुलं, कोपऱ्यात खरखरणारा रेडिओ: या माणसाशी दिवसभरात कुणी धड बोललेलंच नाही. संवाद तुटलेल्या माणसाला वाक्यातून तुटलेल्या शब्दाची उपमा. पान किंवा नाणं इथे का चाललं नसतं, ते आता तुझं तूच लिहू शकशील. रसग्रहणात ही दोन वाक्यं साध्या इंग्रजीत आली तरी पुष्कळ झालं. 'द पोएट हॅज ब्यूटिफुली यूज्ड' हे तेवढं खोडून टाक. हजारो उत्तरपत्रिकांत ते असतं, आणि त्यातून कळत काहीच नाही.

हीच रीत सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स'ला लाव. १९०५ च्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या संग्रहातली ही कविता. तीन कडवी, तीन वेळा, तीन वस्त्रं. सकाळी बाळाचं अंगडं, खंड्याच्या पंखासारखं निळं. संध्याकाळी राणीच्या लग्नातला शेला, मोराच्या पिसाऱ्यासारखा जांभळा-हिरवा. रात्री चांदण्यात प्रेतावरचं वस्त्र, पिसासारखं आणि ढगासारखं पांढरं. सकाळ-संध्याकाळ-रात्र म्हणजे जन्म-लग्न-मरण, हे गाईडमध्ये मिळेल आणि ते लिहायलाच हवं. पण उपमानं एका ओळीत मांडून बघ. पहिल्यात पक्षी आहे आणि रानातला, मोकळा आहे. दुसऱ्यात मोर आहे, त्याचा पिसारा आहे. तिसऱ्यात नुसतं पीस. पक्षी कुठे गेला? कवयित्रीने मुद्दाम केलं असेल की आपसूक झालं असेल, ते मला सांगता येणार नाही, पण कवितेत ते आहे आणि बोट ठेवून दाखवता येतं. आणि कापडाचं वर्णन करताना तिन्ही वेळा उपमा का वापरली? विणकर उत्तरात फक्त कापडाबद्दल बोलतात म्हणून. आयुष्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत, ते काम कवयित्री रंगांवर सोपवते.

'द इंचकेप रॉक'बद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोष्ट आहे, खडकावरची घंटा तोडणारा समुद्री चाचा शेवटी त्याच खडकावर आपटतो, ती आयरनी. यमक आणि अनुप्रास ओळीओळीला सापडतात. गंमत म्हणून लक्षात ठेव: स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचा तो खडक खरा आहे, आणि १८११ पासून त्यावर दीपगृह आहे. ते बांधणारा रॉबर्ट स्टीव्हन्सन म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्याचा आजोबा.

आता माझ्या धंद्याचा भाग. तुम्हाला लेखनात अपील येतं, चार गुणांचं. भाषण आलं तरी सामान तेच. तू युक्त्यांची यादी केली आहेस: प्रश्न विचारा, तीन गोष्टी एकत्र सांगा, भावनेला हात घाला, आकडे द्या. यादी खोटी नाही. पण ती कामाला लावलेली बघायची असेल तर एसटीत बघ. गाडी कऱ्हाड स्टँडला लागली की बाम विकणारा चढतो ना, पुढच्या वेळी कानात हेडफोन घालू नकोस. तो पहिलं वाक्य काय बोलतो? 'बंधू-भगिनींनो, दोन मिनिटं घेतो, गाडी सुटायच्या आत उतरतो.' म्हणजे विकायच्या आधी त्याने विश्वास मिळवला: हा माणूस फार त्रास देणार नाही. मग, 'प्रवासात डोकं कुणाचं दुखत नाही?' सगळी गाडी मनातल्या मनात मान डोलावते. मग तीन गोष्टी एका दमात, 'डोकं, कंबर, गुडघा.' चार असते तर दम लागला असता, दोन असते तर अपुरं वाटलं असतं. मग पुढच्या सीटवरच्या आजींच्या हाताला थोडा बाम चोळतो, फुकट. वास गाडीभर. किंमत अजून सांगितलेली नाही, बघ. आजींनी हात नाकाशी नेला की मग, 'दुकानात साठ, कंपनीच्या प्रचारासाठी फक्त वीस.' साठ खरे आहेत का, कुणी बघायला जात नाही. साठ ऐकल्यावर वीस स्वस्त वाटतात, एवढंच त्यांचं काम. शेवटी, 'मागच्या काकांना दोन दिल्या, आता पाचच शिल्लक.' अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेले तिन्ही मार्ग, म्हणजे बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क, या माणसाने ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत वापरून टाकले. यादी त्यालाही येत असेल-नसेल. क्रम मात्र पक्का येतो. तुझ्या यादीत क्रमच नाही.

इथेही उतरवून बघण्याची रीत चालते. १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाल्यावर सरकारने शहरावर जी दडपशाही चालवली तिच्यावर टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहिला. त्याचा मथळा शाळेपासून तुझ्या कानावर आहे: सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? आता त्यातला प्रश्न काढून साधं विधान कर. 'सरकारचे डोके ठिकाणावर नाही.' अर्थ तोच, पण हे टिळकांचं मत झालं, आणि मताशी भांडता येतं. प्रश्न विचारला की उत्तर वाचणारा देतो, आणि स्वतः दिलेल्या उत्तराशी माणूस भांडत नाही. म्हणून प्रश्न कुठे टाकायचा याला महत्त्व. तुझ्या नमुना अपीलात पाच ओळींत चार प्रश्न आहेत. वाचणाऱ्याला उलटतपासणी चालल्यासारखी वाटते.

तो नमुना रक्तदानावर आहे, म्हणून त्यावरच सांगतो. 'रक्तदान श्रेष्ठदान' ने सुरुवात केली आहेस. खरं आहे, पण हे वाक्य इतक्या भिंतींवर आहे की कुणाला दिसतच नाही. मग 'मित्रांनो, आपण सर्वांनी...' अशी हाक. आमच्या धंद्यात 'सर्वांनी' हा शब्द आला की साहेब कागद परत करतो. सर्वांना म्हणजे कुणालाच नाही. एक मुलगा डोळ्यांसमोर आण: तुझ्याच वर्गातला, नुकताच अठरा पूर्ण झालेला, सुईला घाबरणारा, आणि घाबरतो हे कबूल न करणारा. त्याच्यासाठी लिही. त्याला सांग की वय १८ आणि वजन किमान ४५ किलो असेल तर तो पात्र आहे, आणि पिशवी ३५० किंवा ४५० मिलीलीटरची असते. भीती आकड्याने कमी होते, 'घाबरू नका' ने होत नाही. आणि पटवायला एकच तथ्य घे, पण त्यातून काहीतरी निघायला हवं. रक्तातल्या प्लेटलेट्स साठवल्या तरी जेमतेम ५ दिवस टिकतात. याचा अर्थ काय? १५ ऑगस्टच्या शिबिरात गावाने कितीही रक्त दिलं तरी सप्टेंबरात डेंग्यूने खालावलेल्या पेशंटला त्यातल्या प्लेटलेट्स मिळणार नाहीत. म्हणजे 'आमच्याकडे शिबिर झालं की' हे उत्तर त्या मुलाला देता येणार नाही. तथ्याने त्याची पळवाट बंद केली. तुझ्या नमुन्यात 'भारतात रक्ताची फार गरज आहे' असं वाक्य आहे. ते खोटं नाही, पण त्याच्या शेजारून सहज निघून जाता येतं.

जाता जाता एक आतली गोष्ट. 'सूट ५० टक्क्यांपर्यंत' अशी पाटी दिसली की आकडा मोठा असतो आणि 'पर्यंत' मुंगीएवढं. तो शब्द कुणीतरी पगार घेऊन तेवढा बारीक केलेला असतो. पटवण्याच्या युक्त्या शिकतेस तर त्या आपल्यावर कुठे चालल्या आहेत तेही बघत जा. हे पेपरात येणार नाही.

राहिले शब्द. तुझी ए टू झेड यादी मी आडवी वाचली आणि मलाच झोप आली. अकारविल्हे ही शब्दकोशाची सोय असते, तशी यादी डोक्यात बसत नाही. शेजारचे दोन शब्द सारखे दिसतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्यापेक्षा ज्या कवितेत शब्द भेटला तिथूनच उचल. चित्र्यांच्या त्या एका कवितेत तुला 'सॉगी', 'स्टेल', 'सलन', 'एस्ट्रेंजमेंट' मिळतात. 'स्टेल' म्हणजे शिळं हे लिहून ठेवलंस, पण काय काय शिळं असतं? पोळी, बातमी, विनोद. इंग्रजीतही ब्रेड, न्यूज आणि जोक तिन्ही स्टेल होतात. आता शब्द विसरून दाखव. 'सॉगी' म्हणजे ओलं, पण स्वच्छ धुऊन पिळलेला टॉवेल सॉगी नसतो. पाणी शोषून लिबलिबीत झालेलं ते सॉगी. वडिलांचे कपडे नुसते 'वेट' म्हटले असते तर ते ट्रेनमधून उतरून वाळले असते. इथे ते दिवसभर अंगाला चिकटून आहेत.

शब्दांची सोबतही लिहीत जा. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, शिट्टी मारतो. परक्या माणसाला हे नियमाने शिकवता येणार नाही, ऐकूनच येणार. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' पण पाऊस 'हेवी'. पाऊस 'स्ट्राँग' लिहिलास की परीक्षक थबकतो. म्हणून शब्द एकटा उतरवायचा नाही, शेजाऱ्यासकट उतरवायचा. आणि मुळं माहीत असली तर एका शब्दात चार येतात. आहार, विहार, प्रहार, संहार हे तुला संस्कृतच्या तासाला सांगितलं असेल. इंग्रजीत लॅटिनमधून आलेलं 'स्पेक्ट' तसंच आहे, बघण्याचं: इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, स्पेक्टॅकल, प्रॉस्पेक्ट.

उजळणीची पद्धत मात्र बदल. तू वही पुन्हा पुन्हा वाचतेस. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कारण उत्तर समोरच असतं. हर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच उडून जातं. उपाय जुनाच आहे: झाकून आठवायचं, आणि विसरायला लागलं की पुन्हा. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे ते याच्यासाठीच. तू जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे काप, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच्या शेजाऱ्यासकट वाक्य. तीन डबे कर. आला तो पुढच्या डब्यात, चुकला तो परत पहिल्यात. पहिला डबा रोज उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. सेबास्टियन लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ मध्ये या डब्यांवर पुस्तक लिहिलं, तुला ते वाचायची गरज नाही, मिठाईचे रिकामे डबे ताईकडे पुष्कळ आहेत.

रविवारपर्यंत मला एक अपील लिहून पाठव. रक्तदान नको, झाडं लावा नको. तुमच्या कॉलेजबाहेर सायकली लावायला जागा नाही म्हणून तू महिनाभर कुरकुरते आहेस, त्यावर प्राचार्यांना लिही. ते 'नाही' म्हणताना काय कारण देतील ते आधी कागदावर मांड, मग अपील. दीडशे शब्दांच्या वर गेलीस तर मी वाचणार नाही. टाईप नको, हाताने लिहून फोटो पाठव, म्हणजे खाडाखोड दिसेल. मला तीच बघायची आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार. आजीला म्हणावं, गुडघ्याला बाम लाव, पण एसटीतला नको.

तुझा,
मामा

ता. क. तोंडी परीक्षेचेही वीस गुण आहेत. तिथे 'हायपरबोल' म्हणू नकोस. शेवटचा ई म्हणायचा असतो, हायपर्बली. सिनेक्डकी मॅडमसमोर आधी दोनदा म्हणून बघ, जीभ वळत नाही.